पाच किलो खडेमीठ

बडनेऱ्याहून येऊन अकोल्याला गाडीतून उतरेपर्यंत शफी मिस्त्रींनी तिथल्या कॉफीच्या दुकानाचा मालक योगेश याला मनातल्या मनात तीनदा गाढव ठरवलं होतं. पहिल्यांदा फोनवरच, 'मशीन आपोआप बंद पडली' असं तो म्हणाला तेव्हा; मग दोनदा गाडीत, तेच आठवून. मशीन आपोआप बंद पडत नसते. तिला बंद पाडायला माणूस लागतो, आणि तसा माणूस प्रत्येक दुकानात हजर असतो, हे मिस्त्रींचं चाळीस वर्षांचं मत. आधी त्यांनी स्टोव्ह दुरुस्त केले, मग रसवंत्या. आता कॉफीची दुकानं निघाली, आणि एस्प्रेसो मशीन उघडून पुन्हा बंद करू शकणारा त्यांच्याशिवाय आसपास कोणी नव्हता. स्वतः ते चहा पीत.

योगेश तीन वर्षं पुण्यात राहून शुद्ध बोलायला शिकून आला होता. त्याची मशीन बाहेरून लखलखत होती. खंडेनवमीला लावलेली हळदकुंकवाची बोटं अजून तिच्या कपाळावर होती, आणि वर कप ठेवायच्या जाळीवर झेंडूची माळ वाळून कडक झाली होती. पूजा करायला हात जोडले की झालं, घासायला हात चालवावे लागतात, असं मिस्त्रींच्या मनात आलं. गाढवांशी ते कामापुरतंच बोलत.

"मशीनमध्ये दोष नाही, शफीभाई," योगेश म्हणाला. "हिनं वाट लावली. धुणं नाही, पुसणं नाही. आज हिचा शेवटचा दिवस. फक्त तुमच्या तोंडून एकदा निघू दे, म्हणजे कोणी मला नावं ठेवायला नको."

'ही' म्हणजे गजाला. दोन वर्षांपासून इथली कॉफी तीच करायची. वय चाळिशीकडे झुकलेलं, घरी दोन मुलं शाळेत, नवरा पाय मोडून खाटेवर. तिनं ॲप्रनची घडी करून ओट्यावर ठेवली होती आणि पर्स खांद्याला अडकवली होती. मिस्त्रींची नजर तिच्या लालभडक नखांवर गेली. ही काय घासणार, कपाळ? त्यांनी तिचाही निकाल लावून टाकला आणि पान्हा काढला.

कॉफी जिथून कपात उतरते तिथली जाळी त्यांनी आधी खोलली. गलथान माणसाची जाळी तेलानं काळी पडते, तिला कुबट वास मारतो. मिस्त्रींनी जाळीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ आलं. हुंगून पाहिलं, वास नव्हता. वाफेच्या नळीच्या टोकाची चारही भोकं मोकळी होती, दुधाचा कण नाही.

"हे भोकं कायनं साफ करता?"

"स्टोव्हच्या पिननं," गजाला म्हणाली. "अम्मीची आहे. घरी आता गॅस, तिले काम नाही."

"अन् आतून?"

"रोज बंद करताना आंधळी चकती लावते, बिनभोकाची, धुवाची पावडर टाकते, पाच डाव पानी सोडते. तुमीच दाखोलं होतं, चाचा."

मिस्त्रींना आठवत नव्हतं. त्यांनी टाकी खोलली. पाणी तापवणाऱ्या कांडीवर बोटभर जाडीचा पांढरा चुना चढला होता, जुन्या भिंतीवर चढतो तसा. एवढा थर असल्यावर पाणी तापणार कसं, आणि वाफ येणार कुठून?

ते खाली वाकले. ओट्याखाली पाणी मऊ करायचं नळकांडं होतं, त्यांनीच मागच्या वर्षी पावसाळ्यात बसवलेलं. शेजारी खडेमिठाची पाच किलोची पिशवी. वर धूळ, तोंडाची शिवण जशीच्या तशी.

"हे फोडलं काहून नाही?"

योगेश हसला. "अहो, आपला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी मुळातच खारट, त्यात आणखी मीठ? मला वाटलं तुम्ही गंमत केली."

"मी इचारलं होतं सरले," गजाला म्हणाली. "तीन खेपा. तिसऱ्या खेपेले म्हनले, डोकं नको चालवू, मशीन चालव."

मिस्त्रींच्या जिभेवर चाळीस वर्षांच्या शिव्या जमा झाल्या. "मीठ पान्यात नाही टाकाचं, बाप्पा! या नळकांड्यात मणी असतात, ते पान्यातला चुना धरतात. भरले का मिठाच्या पान्यानं धुवा लागतात. चुना सुटते, मीठही वाहून जाते. महिन्याले एक डाव. बस, इतकंच आहे."

"इतकंच होतं," गजाला हळूच म्हणाली, "तं मागच्या वर्षी काहून नाही सांगतलं?"

मागच्या वर्षी मिस्त्रींनी दारातून, मागं वळूनही न पाहता, 'महिन्याले मीठ टाकत जा' एवढंच म्हटलं होतं. गाडीची घाई आहे म्हणून निघाले होते. गाडीला तासभर अवकाश होता. या लोकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत त्यांनी स्टेशनवर दोन चहा घेतले होते.

"मग चूक कोणाची?" योगेशनं विचारलं.

"तुमची," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पान्हा ओट्यावर ठेवला. "अन् माही. या बाईची नाही."

योगेशनं मान झटकली. "बरं. राहू दे मग हिला."

गजालानं ॲप्रनला हात लावला नाही. "राहू दे नाही, सर. काल भरल्या दुकानात बोलले, हिनं बिघडवली म्हणून. आज म्हना, नाही बिघडवली."

कोपऱ्यातल्या टेबलावर कॉलेजची दोन पोरं बसली होती. योगेश ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला.

"आयकू नाही गेलं त्याईले," पोरांकडे पाहत गजाला म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्यानं, भिंतीकडे पाहत. गजालानं घडी मोडून ॲप्रन बांधला, वाळलेली माळ उचलून कचऱ्यात टाकली आणि टाकीत घालायला लिंबूसत्त्व भिजवायला घेतलं.

दुपारपर्यंत चुना सुटला. निघताना मिस्त्रींनी एक कागद मागितला. मीठ किती, कधी, आणि मुख्य म्हणजे कशासाठी, हे सगळं ठसठशीत अक्षरात लिहून त्यांनी तो नळकांड्यावर चिकटवला.

गजालानं वाकून सगळा वाचला. मग स्टोव्हच्या पिननं मिठाच्या पिशवीची शिवण उसवत म्हणाली, "लिवता येते तं तुमाले, चाचा."