पश्चिमेची भिंत

ज्येष्ठातली दुपार. क्षितिजापर्यंत सुवर्णपीत वालुका. वाऱ्याने रेखलेल्या, वाऱ्यानेच पुसलेल्या तिच्या लाटा. जलहीन सागर, तरीही तरंगमय. निःशब्द सागर, तरीही श्वासमय.

त्या सागराच्या कुशीत, जैसलमेरपासून दूर, नागपूरची वास्तुविशारद हेमांगी सबनीस पाहुण्यांसाठी मातीची सात घरं उभारत होती. तिथलीच माती भिंत झाली होती, तिथलंच गवत छप्पर. खेजडीचं एकेक झाड वाचवत अंगणं वळली होती. मालकांची अट एकच होती. घरं उन्हाळ्यात आपोआप थंड राहिली तर ठीक, नाहीतर प्रत्येक खोलीत एसी बसेल.

प्रत्येक घराच्या पश्चिमेला मात्र तिने भव्य काचेची खिडकी योजली होती. अस्तोन्मुख सूर्यासाठी. तिचं सर्वांत लाडकं स्वप्न.

लिंपण करणाऱ्या वृद्ध चूनीबाईने मातीने माखलेला हात थांबवला.

"बाईसा, ही खिडकी सूर्य बघायला, की तापल्या वाऱ्याची लू आत घ्यायला?"

"पाहुणे सूर्यास्त बघायलाच येतात, चूनीबाई."

"बघू देत की. अंगणात बसून बघतील. घर असतं ते सावलीसाठी."

हेमांगीला ते लागलं. ती खिडकीच्या रित्या चौकटीत एकटीच उभी राहिली. आणि लू आली, अग्निवसना, धूलिकेशा, दाहश्वासिनी. पापण्या पोळल्या. पाठीमागची जमीन तव्यासारखी तापली.

मग ती चूनीबाईच्या झोपडीत गेली. पश्चिमेची भिंत तिथे जाड होती, मूक होती. पूर्वेला मूठभर झरोका. आत मातीचा ओलसर गंध, आणि संध्याकाळच लवकर आल्यासारखा शीतल काळोख.

परतल्यावर तिने नकाशावरची खिडकी स्वतःच्या हाताने खोडली. तिथे दोन हात जाडीची भिंत आली. त्या भिंतीवर दोघींनी मिळून लिंपणाच्या उभ्या कडा काढल्या. प्रत्येक कडेने शेजारच्या खाचेला सावली द्यावी म्हणून.

पुढच्या ज्येष्ठात मालक आले. भर दुपारी एका घरात बसले. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, तो तसाच ठेवला. बोलता बोलता त्यांचे शब्द विरळ झाले, मान कलली, आणि ते गाढ झोपले.

"उठवू का?" हेमांगीने हळूच विचारलं.

"छे," चूनीबाई म्हणाली. "एसी नको, असंच सांगताहेत ते."

दोघी बाहेर आल्या, टेकाडावर चढल्या. खाली सात घरं होती, आणि नव्हतीही. वाळूत वाळू, सावलीत सावली. एक चंडोल आकाशातून उतरला, धरणीच समजून एका छपरावर विसावला, आणि गाऊ लागला.