प्रांजलच्या उजव्या कानामागे

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे, आणि मला माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची गोष्ट सांगायची आहे.

माझे वय अवघे सहा वर्षांचे, पण आमच्यासारख्यांचे ते म्हातारपणच. दूरच्या एका कारखान्यात माझे भाग जुळवले गेले. आकाराने मी शेंगदाण्याएवढे. आवाज पकडायचा, मोठा करायचा आणि एका बारीक नळीतून कानात सोडायचा, एवढेच माझे काम. पनवेलला आल्यावर ज्या कानामागे मला बसवले, तो कान सुकापूरच्या प्रांजलचा होता.

प्रांजल तेव्हा अडीच वर्षांची होती. जन्मापासून तिच्या डाव्या कानाला काहीच ऐकू येत नव्हते, उजव्या कानाला अगदी थोडे. पहिल्या दिवशी तिने मला ओढून काढले आणि पलंगाखाली फेकले. तिची आई, कीर्ती, दिवसातून वीस वेळा मला शोधायची आणि पुन्हा बसवायची.

आठवड्यातून दोनदा दोघी खांदा कॉलनीत वेणूताईंच्या वर्गाला जायच्या. लहान मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवणे हे ताईंचे काम. त्या प्रांजलच्या समोर नाही, उजव्या बाजूला बसायच्या, म्हणजे तिने ओठांकडे न बघता कानाने ऐकावे. आधी आवाज ऐकवायचा, मग वस्तू दाखवायची. घरीही असेच करा, दिवसभर तिच्याशी बोला, असे त्या कीर्तीला सांगायच्या. म्हणून कीर्ती कोळंबी सोलताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची. समोरून उत्तर येत नसताना बोलत राहणे किती अवघड असते, ते मी जवळून पाहिले आहे.

चार महिन्यांनी एका सकाळी गल्लीत पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला. प्रांजल खेळता खेळता थांबली. तिने कानाला हात लावला आणि दाराकडे धावली. पुढच्याच महिन्यात ती 'पाव' म्हणाली. तिचे बाबा कल्पेश न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवायचे. त्या दिवशी त्यांनी येताना चार लाद्या आणल्या आणि ती जितक्या वेळा पाव म्हणेल तितक्या वेळा तिला तुकडा दिला. वर्षभरात तिच्याजवळ तीसेक शब्द जमले.

मग कल्पेशच्या बहिणीचे लग्न ठरले. घर पाहुण्यांनी भरले आणि वर्ग बुडू लागला. हळदीच्या दिवशी मुलांनी एकमेकांवर पाणी उडवले. प्रांजल नखशिखांत भिजली आणि तिच्याबरोबर मीही. कीर्तीने मला पदराने पुसले, नवा सेल घातला आणि पुन्हा कानामागे बसवले. बाहेरून मी पूर्वीसारखेच दिसत होते. पण आत पाणी शिरले होते. दोन दिवसांत माझा आवाज गेला.

मित्रांनो, ते मला कुणालाच सांगता आले नाही. प्रांजललाही नाही. आवाज नसणे म्हणजे काय, हे सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते.

सात आठवडे मी मुक्याने तिच्या कानाला चिकटून राहिले. पाववाला यायचा, जायचा; ती मान वर करायची नाही. तिचे शब्द एकेक करून गळले. पाहुणे म्हणाले, पोर हट्टी झाली, लाडावली. कल्पेश दमून घरी यायचे, हाका मारायचे, ती वळायची नाही. यंत्र तर कानावर होते, मग दोष तिचाच ठरला. एका संध्याकाळी ती रस्त्याकडे पळाली. कल्पेशनी तीनदा हाक मारली आणि शेवटी धरून तिला दोन चापट्या दिल्या. त्यातली एक माझ्याजवळच बसली. त्यानंतरही चार-पाचदा असे झाले.

लग्न, नंतरच्या पूजा, देवदर्शन आणि पाहुणे असे सगळे उरकल्यावर तिघे पुन्हा वर्गाला गेले. वेणूताईंनी मागून हाक मारली. प्रांजल हलली नाही. ताईंनी मला काढले, तपासायची नळी माझ्या तोंडाला जोडली आणि स्वतःच्या कानात घालून थोडा वेळ ऐकले.

"हे बंद आहे," त्या म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांपासून असणार."

कीर्तीने तोंडाला पदर लावला. ही तपासणी रोज सकाळी करायची, हे ताईंनी तिला शिकवले होते. लग्नाच्या गडबडीत ते राहून गेले होते.

कल्पेशनी ताईंच्या हातातून मला उचलून घेतले. मग म्हणाले, "मी हिला मारली, ताई. ऐकत नाय म्हणून मारली."

ताईंनी मान खाली घातली. मूल सात आठवडे आले नाही तर आपण चौकशी करायला हवी होती, एवढेच त्या म्हणाल्या.

मी दुरुस्त होऊ शकले नाही. प्रांजलला दुसरे यंत्र मिळाले आणि मी वर्गाच्या खणात राहिले. तिथून मी पुढचे पाहिले. शब्द सावकाश परतले, पण बाबा जवळ आले की ती कानावर हात धरायची. कल्पेश दर बुधवारी फेरी सोडून वर्गाला येऊ लागले. तिच्यापासून हातभर लांब, जमिनीवर बसायचे आणि खेळण्यातला ट्रक ढकलत हळू आवाजात बोलत राहायचे. ती ऐकायची, पण जवळ यायची नाही. तीन महिने असेच गेले. मग एका बुधवारी ती उठली, त्यांच्या मांडीवर बसली आणि त्यांची हनुवटी धरून आपल्या उजव्या कानाजवळ ओढली.

आज प्रांजल तिसरीत आहे. ती बोलते, पण 'स' आणि 'श' अजून तिला नीट जमत नाहीत. ते सात आठवडे नसते तर जमले असते का, हे वेणूताईही सांगू शकत नाहीत.

नवे पालक आले की ताई मला खणातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवतात. मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी, वर्गात माझ्यासारखे यंत्र लावणारे लहान मूल असेल, तर मोठ्यांना एवढे सांगा. रोज सकाळी यंत्र आधी स्वतःच्या कानाने तपासा. मला पाण्यापासून, घामापासून जपा. आणि मूल वळले नाही, तर हात उगारण्याआधी मला काढून पाहा. कदाचित मीच मेलेले असेन.