सटवाजीमामांचे चालू-बंद चौकोन

"गोळी नुसत्या पाण्यासोबत, जेवणाआधी अर्धा तास," मंजुषाताईंनी दोनदा बजावलं होतं. करुणानं मान डोलावली खरी, पण तिचं सगळं लक्ष मांडीवरच्या दोन महिन्यांच्या दीक्षाकडं होतं. पोरीचं अंग कोमट लागत होतं. पाणी काय नि दूध काय, सासऱ्यांच्या पोटात गोळी गेल्याशी मतलब, असं म्हणून तिनं ते बोलणं नांदेडच्या दवाखान्यातच सोडून दिलं.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. करुणाचे सासरे सटवाजी वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यांची तोंडं शिवायचे. दाभण असं पळायचं की बघणाऱ्याचा डोळा मागं राहावा. मग उजवा हात कापायला लागला, पाऊल उंबऱ्याशी खिळायला लागलं. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. त्या डॉक्टरांचा या आजारावर अभ्यास चालू होता. एक गोळी कुणाला किती वेळ पुरते, ते त्यांना मोजायचं होतं. मंजुषाताई त्यांच्या हाताखाली नोंदी ठेवायच्या. सटवाजींनी अभ्यासात नाव दिलं आणि घरी कागद आले: दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. अंग मोकळं असेल तर 'चालू', आखडलं असेल तर 'बंद'. करुणा बी.एस्सी. झालेली, म्हणून भरायचं काम तिच्याकडं.

लोडशेडिंगचे दिवस. अख्ख्या कुरुंदा गावाला ही भाषा पाठच होती. शेजारची पारुबाई दारातूनच विचारायची, "काय वं करुणा, तुहा सासरा चालू हाय का बंद?"

"फेज गेला माय, रातच्याला येईन," मामा आतून ओरडायचे.

सगळे हसायचे, पण चौकोन बहुतेक 'बंद'नंच भरत होते. आणि मामांना हवं होतं एकच, नातीला आपल्या हातानं उचलून घ्यायचं. करुणा तोंडानं नाही म्हणत नव्हती. ते जवळ आले की म्हणायची, "झोपलीय मामा, उठंल." दीक्षा टक्क डोळे उघडे ठेवून बघत असायची. मामा म्हणायचे, "व्हय, लई गाढ झोपलीय," आणि कापणारा हात मांडीखाली दाबून धरायचे. करुणाला रात्रंदिवस दोनच गोष्टींची भीती, लेकरू पडेल याची आणि मामांना कळेल याची. दुसरी तर खरी झालीच होती.

असे पाच महिने गेले. मग सासूबाई, जनकाबाई, पाच दिवस सेनगावला लेकीकडं गेल्या.

पहिल्याच दिवशी दहा ते एक सगळे चौकोन 'चालू'. करुणाला वाटलं, घड्याळ बिघडलं. दुसऱ्या दिवशी ती दाराच्या फटीतून बघत बसली. मामा उठले, उंबरा सरळ ओलांडला, दोरीवरचं दुपटं काढून त्याची घडी घातली. घडीची टोकं टोकांना लागलेली! पाचही दिवस हेच. सहाव्या दिवशी जनकाबाई परतल्या आणि दुपारी मामा पुन्हा उंबऱ्याशी खिळले.

करुणानं सगळे कागद जमिनीवर पसरले. पुन्हा पुन्हा बघितलं. मग भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका. पण तुमी घरी आल्या की मामा बंद पडतात."

"म्हंजी? माही नजर लागती व्हय गं?"

"लिहून टाक पोरी," मामा कसेबसे म्हणाले, "चाळीस वरसापासून असंच हाय."

"मी त काईच करत न्हाई!" जनकाबाईंचा आवाज चढला. "इतकी कडक गोळी, गरम पडू नये म्हून ग्लासभर दूध देते तेवढं. म्हशीचं, दाट."

करुणाचा हात कागदावरच थांबला. ते पाच दिवस काखेत दीक्षा आणि दूध तापवायची कटकट, म्हणून तिनं गोळी पाण्यासोबतच दिली होती.

गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण ती म्हणाली, "चूक माझी हाय. पाण्यासोबतच द्या म्हणून बजावलं होतं. मी तुमाला सांगितलंच न्हाई."

जनकाबाई मामांकडं वळल्या. "पाच महिने! म्याच पाजलं की वं तुमाला."

"गोड होतं पण," मामा म्हणाले.

नांदेडला डॉक्टरांनी कागद खिडकीशी धरून बघितले. ते चिडले नाहीत. सगळ्यांना नाही, पण काहींना दुधातली प्रथिनं आडवी येतात, गोळी नीट अंगात उतरत नाही, असं त्यांनी समजावलं. मंजुषाताई कपाळावर हात मारत म्हणाल्या, "कडक गोळीला आपल्याकडं घरोघरी दूध देतात. मीच विचारायला हवं होतं." सगळ्यांच्या कागदावर त्याच दिवशी नवा रकाना आला: गोळी कशासोबत घेतली?

घरी दूध गोळीपासून दोन तास लांब गेलं. पंधरा दिवस करुणानं पारख केली. मग एका सकाळी, लागोपाठ तीन चौकोन 'चालू' भरल्यावर, तिनं ओसरीवर गोधडी अंथरली, चारी बाजूंनी उशा लावल्या आणि म्हणाली, "मामा, दीक्षा जागी हाय."

मामांनी आधी हात धुतले. मग नातीला दोन्ही काखांखाली धरून उचललं, सरळ डोक्याच्या वर. दीक्षा खदखदून हसली आणि आजाच्या टकलावर लाळ गाळली. थरथरत होती ती खाली हात पसरून उभी राहिलेली करुणा.

"पोरी, तुहं बी नाव घालू का अभ्यासात?" मामांनी विचारलं, आणि जनकाबाई हसता हसता भिंतीला टेकल्या.

त्या रकान्यानं पुढं आणखी अकरा घरांतलं दूध उघडकीला आणलं. राहिले एक तातेराव. वारंगा फाट्याजवळचे, उंच, डावा पाय ओढत चालणारे. गोळी लागू पडत न्हाई म्हणून त्यांनी तो रकाना येण्याआधीच अभ्यास सोडला, आणि त्यांनी दिलेला फोन होता फाट्यावरच्या एका पंक्चरच्या दुकानाचा. ते दुकान आता बंद झालंय. मंजुषाताईंनी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. म्हणून करुणाचं वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे: फाट्यावर तुमची गाडी थांबली, तर चहा होईस्तोवर खाली उतरा. तातेरावांचं घर कोणतं, विचारा. ते कसे आहेत, बघून या.