ड्राफ्ट्समनची तार

गच्चीवर तार चढवताना ड्राफ्ट्समन एकच शब्द बोलला, "ताण." दोरीचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या बायकोने सुनावलं, की आणखी ताणलं तर पाण्याची टाकी खाली येईल, मग पाणीही तुमच्या रेडिओवरूनच मागवा. तो गप्प बसला. गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं. पाणीपुरवठा खात्यात त्याने उभी नोकरी नळांचे नकाशे काढण्यात घालवली होती, आणि नकाशाशी बोलावं लागत नाही.

निवृत्तीनंतर मात्र हे गप्प बसणं घरभर पसरलं. तेव्हा त्याने हॅम रेडिओची परीक्षा दिली, परवाना मिळवला, एक जुना संच आणून बायकोच्या शिवणयंत्रावर मांडला, गच्चीवर बांबूला तार बांधली आणि विजेचं भय नको म्हणून खाली जमिनीत तांब्याची सळई ठोकली. संध्याकाळ झाली की माइकचं बटण दाबून तो दूरच्या कुठल्याशा गावातल्या एका बेकरीवाल्याशी बोलू लागला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, कदाचित म्हणूनच जमलं. विषय काहीही: भट्टी, गुडघे, जावई. आपलं सांगून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, मग समोरच्याची पाळी. ही पद्धत त्याला फार आवडली. कुणी मध्येच तोडत नाही.

"तुम्ही हसता, हे मला त्या बेकरीवाल्यामुळे कळलं," बायको म्हणाली.

पण सळई नेमकी गेली होती तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गुलाबाच्या वाफ्यात, आणि इमारतीच्या अध्यक्षाही त्याच. नोटीस लागली. रविवारी सभा, तार कशासाठी ठेवावी ते ड्राफ्ट्समनने सगळ्यांसमोर सांगावं, नाहीतर उतरवावी.

बाईंसमोर बोलायची सवय खरं तर इमारतीत कुणालाच नव्हती. आजवर सगळ्यांनी त्यांच्यासमोर नुसता आ केला होता.

रविवारी बायको पुढे गेली. जाताना बजावून गेली, की आज तोंड उघडलं नाहीत तर उद्यापासून पुन्हा भिंतीशी संसार करायची माझी तयारी नाही. तो आरशासमोर उभा राहिला. आरशातला माणूसही गप्पच. शेवटी त्याला एकच मार्ग सुचला: भाषणाची तालीम बेकरीवाल्याकडे करायची. शब्द न् शब्द नीट पोचावा म्हणून त्याने संचाची पॉवर पूर्ण वाढवली आणि बटण दाबलं.

"बाई वाईट नाहीत," तो म्हणाला. "हात हलका आहे. माझी दाढ काढली ती मला कळलीही नाही. पण त्या समोर आल्या की माझं तोंड आपोआप उघडतं, आणि बोलायचं सोडून मी चूळ टाकायला भांडं शोधतो. गुलाबात सळई ठोकली ही चूक माझीच. मी आधी जागेचा नकाशा काढला होता, त्यात गुलाब काढायचेच राहिले. सळई हलवतो. पण तार राहू द्या. संध्याकाळी कुणीतरी 'काय म्हणता' असं विचारतं आणि मला उत्तर सुचतं. एवढंच. ओव्हर."

बेकरीवाला म्हणाला, हेच बोला, फक्त भांड्याचं तेवढं गाळा.

भाषण घोकत तो जिना उतरला. खाली सभेच्या खोलीत शिरला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. बायको तेवढी तोंडावर हात दाबून, भिंतीकडे वळून गदगदत होती. त्याने घसा साफ केला.

"राहू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऐकलं आम्ही. भांड्यासकट."

त्यांनी कोपऱ्यातल्या नव्या लाउडस्पीकरकडे बोट दाखवलं. सभेसाठी तो मुद्दाम आणला होता. चालू केला, आणि कुणी माइक हातात घेण्याआधीच त्यातून ड्राफ्ट्समन बोलू लागला. बाईंनी सगळी बटणं पिळून पाहिली. मग बंद करायला गेल्या, तर लोकांनी करू दिलं नाही.

ड्राफ्ट्समनचे कान तापले. तार गेली, हे त्याने मनाशी धरलं. सळई गेली, बेकरीवाला गेला, आणि दाढ दुखली तर आता कुणाच्या दारी जायचं हाही प्रश्नच होता.

बाई त्याच्याकडे वळल्या. मग विचारलं, "काय म्हणता?"

त्याचं तोंड सवयीने उघडलं. नजर भांडं शोधायला निघाली आणि वाटेत लाउडस्पीकरच्या लांबलचक वायरवर अडकली.

"ही वायर," तो म्हणाला, "एवढी ऐसपैस सोडली की तीच ॲन्टेना होते."

आणि तो सुटला. वायर गुंडाळायची कशी, तिच्यावर रेडिओच्या लहरी अडवणारी फेराइटची कडी कुठे बसवायची, आपल्याला पॉवर किती पुरते, सळई कुठे हलवायची. नोटिशीच्या पाठीवर त्याने नकाशा काढून दाखवला, आणि या खेपेला गुलाब एकेक करून काढले, कळ्यांसकट. तार राहावी म्हणून हात वर झाले ते त्याला दिसले नाहीत. मग खुर्च्या आवरल्या गेल्या, तेही दिसलं नाही. समोर बाई काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडायच्या, आणि ते तसंच उघडं राहायचं.

शेवटी बायकोने मागून त्याची बाही ओढली.

"अहो, 'ओव्हर' म्हणा आता," ती म्हणाली. "बाईंची पाळी."