नटवून आणलेली घोडी

लेक घोड्यांची डॉक्टर झाली तेव्हा तबेल्यात घोडे सांभाळणाऱ्या तिच्या मोतद्दार बापाची छाती फुगली होती. पण आता तीच लेक त्याच्या घोडीची छाती तपासत होती, आणि म्हातारा पार चिडला होता.

काम साधं होतं. निरोगी घोडा स्वस्थ उभा असताना कसा श्वास घेतो, हे मोजायचं. मिनिटाला आठ ते सोळा श्वास म्हणजे ठीक. घोडीचे पहिल्या दिवशी सव्वीस भरले, दुसऱ्या दिवशी चोवीस. आज तिसरी आणि शेवटची खेप होती. आज आकडा उतरला नाही, तर आजारी म्हणून तिची रवानगी दुसऱ्या गावी होणार होती. अकरा वर्षं सांभाळलेली घोडी! म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

लेक ठरल्या वेळेच्या तासभर आधीच टपकली. बघते तर काय, बाबा घोडीला अंगणात दुडक्या चालीने पळवतायत! अंग घासूनपुसून चकाचक, आयाळ विंचरलेली.

"बाबा, लग्नाला निघालीय का ही?"

"तपासणीला काय पारोशी उभी करू? अंग मोकळं केलं की श्वास चांगला चालतो."

"तिन्ही दिवस हेच केलंत?"

"मग! कसूर नाही केली."

लेकीने कपाळाला हात लावला. "मी रोज विचारत होते, घोडी आराम करून आलीय ना? तुम्ही म्हणायचात, पहाटेपासून तयार आहे!"

तिने घोडीला ठाणावर बांधलं आणि बाबांना लांब, उलट्या बादलीवर बसवलं. तास सरता सरेना. म्हातारा दोनदा घोडीचं अंग घासायला खरारा घेऊन उठला, दोनदा लेकीने डोळे वटारले. मग तिने घोडीच्या तोंडावर श्वास मोजायचा मुखवटा चढवला. त्याला जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर संथ लाटा उमटू लागल्या.

"बारा," लेक म्हणाली. "एका श्वासाला पाच लिटर हवा. ठणठणीत आहे तुमची लाडकी."

म्हातारा हसला नाही. "म्हणजे मीच तिला घालवत होतो?"

"हो. अगदी जीव तोडून."

तो उठून घोडीपाशी आला. थोपटायला हात उचलला.

"बाबा, अजून एक मिनिट. नुसते उभे राहा."

त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. त्या घोडीसमोर तो रिकाम्या हाताने असा कधी उभाच राहिला नव्हता. ती शांत श्वास घेत होती आणि त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. त्याला रडू आलं.