गाडीखालचे पाय

आमच्या जावयाच्या तोंडाला झाकण न्हाई. माणूस वाईट न्हाई, दारू न्हाई, पत्ते न्हाईत, माझ्या लेकीला, अनुपमाला, कधी 'अगं'च्या वर आवाज न्हाई. पण काही विचारलं की हा खरं सांगून मोकळा. समोर कोण बसलंय, काय बोलल्यावर कुणाच्या घरात आग लागंल, काही बघायचं न्हाई.

रोहिदास त्याचं नाव. इनामगावचा. लग्नात मी त्याच्या आईला, गिताबाईला, मानाचं पातळ नेसवलं. मोरपंखी, हातभर जरीकाठ. ते माझ्या सुनेच्या, सायलीच्या माहेरनं आलेलं होतं. पण घडी मोडलेली नव्हती, वास गेलेला नव्हता. आलेलं पातळ फिरवलं तर काय बिघडतं? आमचं अख्खं खुटबाव गाव फिरवतं. आता लग्नाआधी पोरापोरींनी फोनवर बोलायची पद्धत पडलीय, त्यात आमच्या पोरीनं त्याला हसत हसत सांगून ठेवलेलं. मांडवात गिताबाईनं सगळ्या बायकांत पदर पुढं करून लेकाला विचारलं, "कसं हाय रं पातळ?" आन् हा डोक्याला फेटा बांधलेला नवरदेव म्हणतो, "चांगलं हाय की आई. सायलीवहिनींच्या माहेरनं आलंय म्हणं."

त्या दिवसापासनं गिताबाईनं आमच्या उंबऱ्याला पाय लावला न्हाई. सण न्हाई, जत्रा न्हाई. तिकडं अनुपमानं साधी वाटी जागची हलवली तरी, "तुमच्याकडं फिरवायची सवय हाय, न्हाई का?"

औंदा लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. अधिकात जावई म्हंजी नारायण. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारशांचं ताट आन् दिवा द्यायचा. मी निरोप धाडला, जावयाबरोबर विहीणबाईंनीबी यावं. दोन दिवस उत्तर न्हाई. मग आलं, "सकाळी नऊला गाडी माझ्या दारात उभी पाहिजे. गुडघा दुखतो, फटफटीवर मी बसायची न्हाई."

जावई आन् अनुपमा आदल्या दिवशीच फटफटीवर आले. पोरीनं चुलीपाशी माझा हात धरला. "आई, एवढ्या वेळेला नीट होऊ दे. मला परत जाऊन तिथंच नांदायचंय."

मी म्हणले, "तुझ्या आईला शिकवू नको. जा, वेलची कुट."

माझ्या लेकाला, सत्यजीतला, मी तीन वेळा बजावलं होतं, आठाच्या आत गाडी खुटबावच्या बाहेर पडली पाहिजे. पहाटेपासनं मी आन् सायली धोंडे वळत होतो. गाडी निघाल्याचा आवाज काही येईना. म्हणलं गेला असंल, पुरणयंत्राच्या खडखडीत ऐकू आलं नसंल. अंगण झाडून रांगोळी काढावी म्हणून खराटा घेऊन बाहेर आले, तर गाडी जाग्यावर. पुढची दोन्ही चाकं गोठ्याच्या दगडी उतारावर चढवलेली, मागच्या चाकांना दगड लावलेले, खाली घमेल्यात काळंकुट्ट तेल, आन् गाडीच्या पोटाखालनं दोन पाय बाहेर.

माझ्या डोळ्यापुढं काजवे चमकले. तिकडं विहीण पावडर लावून दारात बसलेली असणार, आन् हा झोपलाय गाडीखाली!

"सत्या, मुडद्या!" म्हणले आन् खराटा उलटा धरून दिला एक नडगीवर. पाय आत वढून घेतला. दुसऱ्यावर दिला. "बहिणीचं वाटोळं करायला आजचाच दिवस गावला का तुला? निघ बाहेर, तुझं तेलच काढते!"

गाडीखालनं आवाज आला, "मामी, मी हाय. रोहिदास."

खराटा माझ्या हातातनं कवा पडला कळलं न्हाई. ज्या पायांना दुपारी तांब्याच्या ताम्हनात धुऊन कुंकू लावायचं, त्याच पायांवर मी अधिक महिन्यात खराटा घातला होता. खराटा! साधा झाडू असता तरी वेगळं.

सत्यजीत घराच्या मागनं सायकलची जुनी ट्यूब घेऊन येत होता, तो माझं तोंड बघून जागच्या जागी थांबला.

जावई घसपटत बाहेर आले. पांढरा सदरा घातलेला, त्याच्यावर खांद्यापासनं खिशापर्यंत तेल. नाकावर काळं, कपाळावर काळं. नडगीवर दोन लाल वळ. मी पदर तोंडात धरला. माझ्या तोंडाला बोल न सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, सायली आजूनबी सगळ्यांना सांगती.

"लागलं का वो?" मी म्हणले.

"लागलं की," जावई म्हणाले. दुसरा कोण असता तर न्हाई म्हणला असता.

मी सत्यजीतकडं फिरले. तो सांगायला लागला, काल येताना गाडीचा तेलाचा लाल दिवा लागला, तेल आन् फिल्टर केडगावनं आणूनच ठेवलेला, म्हणलं पहाटं अर्ध्या तासात बदलून टाकू. तेल तर काढलं. फिल्टर निघंना. फिल्टर म्हंजी पत्र्याचा तांब्याएवढा डबा, इंजिनाच्या बुडाला आट्यावर फिरवून बसवलेला, त्यातनं तेल गाळून जातं. तो म्हणं हातानंच आवळायचा असतो. आमच्या चिरंजीवांनी मागल्या वेळेला तो पान्यानं आवळला होता आन् पान्याला वर लोखंडी पाइप घालून त्याच्यावर जोर दिला होता, ट्रॅक्टरच्या चाकाचं नट आवळतात तसा.

"मग आता?"

"काचपेपर धरून बघितला, पट्टा गुंडाळून बघितला. मग स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकला, म्हणलं त्याला धरून फिरवू. तर पत्राच फाटला."

"म्हंजी?"

"म्हंजी आता जुनाबी चालायचा न्हाई," जावई म्हणाले. "हा निघाल्याबिगर गाडी जागची हलायची न्हाई मामी."

मी म्हणले दुसऱ्याची गाडी बघा. पण अधिकात गावातली प्रत्येक गाडी कुणाच्या ना कुणाच्या जावयाला आणायला गेलेली. पोपटची शिरूरला, ज्ञानूची दौंडच्या पुढं. सत्यजीत खाली मान घालून म्हणला, "आई, फोन करून सांगू का, पुढच्या आठवड्यात या म्हणून?"

अनुपमा दारात आलेली. तिनं चौकट धरली. तिच्या हाताच्या बोटांकडं मला बघवंना.

जावई म्हणाले, "आई एकदा खाली बसली की परत उठायची न्हाई. आज न्हाई तर कवाच न्हाई." आन् पुन्हा गाडीखाली शिरायला लागले.

"अवो, बाहेर या!" मी वरडले. "सत्यजीत जाईल खाली. अधिकात जावयाला कामाला लावलं म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालंल. तुम्ही नारायण हाय!"

"नारायण असला तरी फिल्टर निघायला पाहिजे की मामी," गाडीखालनं आवाज आला. "सत्यादादाचा हात तिथं जात न्हाई, जाड हाय. छन्नी द्या."

सत्यजीतनं छन्नी दिली, हातोडी दिली. मी तुळशीपाशी उभी राहून बघत होते. गल्लीतनं नकुशी दुधाची किटली घेऊन चालली होती, ती थांबली, वाकली, गाडीखाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "सरूबाई, पाव्हणं का?" मी म्हणले, "चालत राहा."

डब्याचा पत्रा तर चिंधी झालेला, वरची जाड कडा तेवढी इंजिनाला चिकटून होती. जावयांनी कडेला छन्नी लावली आन् ठोकायला लागले. ठण्, ठण्. एवढ्याशा डब्यासाठी एवढा आवाज. सत्यजीत वाकून सांगत होता, डावीकडं मारा दाजी, डावीकडं. अनुपमाचे ओठ हलत होते. मग लोखंड किंचाळल्यासारखं काहीतरी झालं आन् जावई म्हणाले, "हललं!"

निघालं. फाटका डबा बाहेर आला तसा अनुपमानं टाळी वाजवली आन् मला बघून हात मागं लपवले. नवा फिल्टर चढवला, हातानंच आवळला. वरनं तेलाचा डबा वतला. सत्यजीत चावीला बसला.

गाडी चालू झाली. मी म्हणले, चला, सुटलो. तवर गाडीच्या बुडातनं तेलाची अशी चिळकांडी उडाली, जशी म्हशीनं लाथ मारल्यावर चरवी उपडी होती. अंगणभर तेल. सायलीनं नुकतीच काढलेली रांगोळी, लक्ष्मीची पावलं, सगळी तेलात.

"बंद कर! बंद कर!" चौघंबी एकदम वरडलो.

जावई वर बघून म्हणाले, "मामी, चूक माझी हाय. जुन्या फिल्टरचं रबर वर इंजिनालाच चिकटून राहिलं. त्याच्यावर मी नवं बसवलं. दोन रबरं एकावर एक. मी बोट फिरवून बघायला पाहिजे होतं."

असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आमच्या घरात मडकं फुटलं तर मांजर सापडंपर्यंत कुणी गप बसत न्हाई.

मग जुनं रबर नखानं सोलून काढलं. मोठ्या बांगडीसारखं, काळं, वाळलेलं. नव्या रबराला बोटानं जरासं तेल चोळलं, फिल्टर पुन्हा चढवला. पण वतायला तेल उरलं न्हाई, निम्मं अंगणानं प्यालं. सत्यजीत फटफटी घेऊन केडगावला पळाला. साडेदहा वाजून गेले होते. आता विहीण पदर झटकून आत गेलेली असणार. मी सायलीला म्हणले, अनारसे झाकून ठेव.

तेवढ्यात दारात कांद्याची पिकअप थांबली. हॉर्न वाजला. पुढच्या सीटवरनं, दाराला धरून, एक एक पाय टाकत गिताबाई उतरली. अंगावर तेच मोरपंखी पातळ.

पिकअप तिच्या भाच्याची होती. पण ती आली कशी?

"विहीणबाई, गाडी यायची होती..." मी म्हणले.

"कळलं मला." गिताबाईचा आवाज करवतीसारखा. "साडेसातलाच ह्याचा फोन आला. म्हणला, आई, गाडी यायची न्हाई, फिल्टर निघंना, मी गाडीखाली हाय." ती गाडीच्या दिशेनं गेली. "म्हणलं मला बघितलंच पाहिजे. आमच्या विहिरीवरची मोटार जळली तवा हा कॉटवरनं उठला न्हाई. जेवलेलं ताट उचलत न्हाई. हा गाडीखाली?"

जावई उभे राहिले. नखशिखांत काळे. गिताबाई बघतच राहिली. तिनं लेकाच्या कपाळाला बोट लावलं, बोटाला आलेलं काळं बघितलं. मग नजर खाली गेली.

"हे रं काय नडगीवर?"

अनुपमानं नवऱ्याकडं बघून बारीक मान हलवली. बाबा, एकदा तरी. एकदा तरी खोटं बोल. दगड लागला म्हण, हातोडी लागली म्हण.

"मामींनी खराटा मारला," जावई म्हणाले.

"खराटा?"

"दोन."

"अधिकात?" गिताबाई माझ्याकडं फिरली. "माझ्या लेकाला?"

मी पदर खोचला. खोटं बोलायचं तर आता जागाच उरली नव्हती, आन् मान खाली घालायची मला सवय न्हाई. "व्हय, मारला," मी म्हणले. "नुसते पाय दिसले. मला वाटलं माझाच हाय. तुम्हाला न्यायला गाडी गेली न्हाई म्हणून मारला."

गिताबाईनं अंगणात पडलेल्या खराट्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग लेकाला विचारलं, "लागलं का?"

"लागलं की."

"बरं झालं," गिताबाई म्हणली. "मोटार जळली तवापासनं माझा हात शिवशिवत होता, पण घरातला खराटा कवाच जागेवर सापडत न्हाई." आन् अनुपमाच्या खांद्यावर हात ठेवून, दुखरा गुडघा आधी, उंबरा वलांडून आत गेली. आत जाताजाता मला म्हणली, "पातळ मात्र टिकाऊ हाय वो विहीणबाई. रंग गेला न्हाई. माहेर चांगलं दिसतंय तुमच्या सुनेचं."

सायली आतनं फिसकन हसली. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. नंतर बघणार होते.

सत्यजीत तेल घेऊन आला. वतलं. गाडी चालू केली. खाली पेपर अंथरला होता, त्याच्यावर ठिपका पडला न्हाई. गिताबाईनंसुद्धा खिडकीतनं विचारून खात्री करून घेतली.

मग पाट मांडला. जावयांना बसवलं, ताम्हन घेतलं. पाय धुवायला गेले तर पाण्यानं काळं हलायला तयार न्हाई. राख लावली, भांड्याची पावडर लावली, रॉकेलचं बोट लावलं. माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या काळ्या झाल्या. गिताबाई शेजारी उभी राहून मुकादमासारखी सांगत होती, "टाचेकडनं घासा, टाचेकडनं. वळाला जपून." शेवटी पाय उजळले. मी कुंकू लावलं, अंगठ्यांवर, दोन्ही नडग्यांपासनं लांब.

जावई हात जोडून म्हणाले, "मामी, राग न्हाई ना?"

मी धोंड्यांचं ताट पुढं सरकवलं, वर तुपाची धार धरली आन् विहिणीच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले,

"जावईबापू, तुमच्या तोंडाला झाकण न्हाई, आन् आता ते मी हुडकायची न्हाई. आज त्याच तोंडानं आईला माझ्या घरात आणलं. पण एक ऐका. पुढच्या अधिकाला येताना ठरवून या, पाय पाटावर ठेवायचे का गाडीखाली. पाटावर असले तर धुवीन. गाडीखाली दिसले तर कुणाचे हायती ते विचारत बसायची न्हाई. जेवा."