मोकळे खण

"आज हिरवं जरा कमी वाटतंय," बाबा म्हणाले. म्हणजे आज लेकीची समजूत काढायचा त्यांचा विचार होता.

ती त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. हिरवं मुळीच कमी झालेलं नव्हतं. वर्तमानपत्र शेवाळलेल्या पाण्यात बुडवून ठेवावं तशा ओळी दिसत होत्या आणि वर सगळीकडे रवा सांडल्यासारखे ठिपके. बाबांनी नाक पडद्याला टेकवलं, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली आणि शेवटी यंत्राच्या टाळक्यात एक चापट दिली. यंत्राला काही फरक पडला नाही.

यंत्र तसं साधंच होतं. टेबलावर कागद ठेवायचा, वरून कॅमेरा बघणार, आणि पडद्यावर अक्षरं मुठीएवढी होऊन येणार. बाबांची नजर मधोमध विझत चालली होती. आहे ती जेमतेम वर्षभर साथ देईल, वाचायचं ते वाचून घ्या, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आणि नेमकं उन्हाळ्यात यंत्रातलं सर्किट जळलं. ते बनवणारी कंपनी आधीच गाशा गुंडाळून बसली होती. लेकीने दुसऱ्या कंपनीचं सर्किट आणून आत बसवलं, कॅमेरा चालू झाला, पण चित्र कच्चं. कुठल्याही कॅमेऱ्याला मुळात असंच हिरवट आणि रवाळ दिसतं. ते धुऊनपुसून माणसाच्या डोळ्याजोगं करायला एक वेगळी चिप असते. ती चिप सर्किटावर होती, फक्त तिला हुकूम कसा द्यायचा याची धड सोय नव्हती. आणि ती सोय करणं हाच, दैव बघा, हिचा पोटापाण्याचा धंदा होता.

"या वेळी नक्की, बाबा. आज शेवटची बैठक. सगळे तयार आहेत."

"मला काही घाई नाही."

"तुमच्या डोळ्यांना आहे."

बाबांनी कानावरची पेन्सिल सारखी केली. जन्मभर ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांच्या समोर एक माणूस बसायचा, तो मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा, आणि बाबा पेन्सिल घेऊन छापील कागद तपासायचे. त्यांनी सही केल्याशिवाय यंत्र फिरत नसे आणि ते सही लवकर करत नसत. छापखान्यातले लोक बाहेर विड्या ओढत ताटकळायचे आणि त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. निवृत्त झाल्यावरही पेन्सिल कानावरून उतरली नव्हती. रोजच्या वर्तमानपत्रातल्या चुका काढल्याशिवाय त्यांना दिवस उगवल्यासारखा वाटत नसे. उन्हाळ्यापासून तो उगवलेला नव्हता.

आता खरं सांगायचं तर घरच्या यंत्रापुरतं काहीतरी ठाकूनठोकून देणं अवघड नव्हतं. सर्किटवाल्या कंपनीचं ओबडधोबड सॉफ्टवेअर होतं, हिचा स्वतःचा अर्धा झालेला प्रोग्रॅमचा मसुदा होता. एक रविवार गेला असता. हे तिला कळत नव्हतं असं नाही, तिच्या हातून होत नव्हतं. खरं काम दारात येऊन उभं असताना जुगाड कशाला, असं ती म्हणे. ते खरं काम महिनोन्‌महिने दारात उभं होतं.

तिचं काम कर्नलमधलं. कर्नल म्हणजे संगणकाच्या तळाशी बसलेला प्रोग्रॅम. वरच्या कुणाला कॅमेरा हवा, चिप हवी, तर त्याच्यामार्फत मागायची. चित्र सुधारणाऱ्या चिपा पुष्कळ कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. एकीला आधी रंग सांगावे लागतात आणि मग उजेड, दुसरीला नेमकं उलटं, तिसरीला काय लागतं ते तिचं तिलाच ठाऊक. हिने सगळ्यांसाठी मिळून एकच रीत आखायला घेतली होती. कपाटाला खण असतात तशी. एका खणात रंगाच्या सूचना, एकात उजेडाच्या, एकात ठिपके पुसायच्या. ज्या चिपेला जो खण कळत नाही तिने तसं सरळ सांगायचं. आणि काही खण मोकळे ठेवायचे, पुढे येणाऱ्यांसाठी.

यात मेख एकच. कर्नलची एखादी रीत लोकांच्या हाती दिली की ती पुन्हा बदलायची नाही, हा तिथला धर्म. तिच्यावर कुणाचा तरी कॅमेरा चालत असतो. म्हणून ती ओळीओळीला अडायची आणि खाली "थांबा" असं लिहायची. सहा कंपन्यांचे लोक तिला पाठीमागे थांबाबाई म्हणत. तिला ते कळलं तेव्हा राग आला, मग सवय झाली, आणि हल्ली तर थोडा अभिमानही वाटू लागला होता.

बैठक फोनवरच होती, पण ऑफिसात तिला खुर्चीत बसवेना. कानात इअरफोन घालून ती खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. चहा निवून त्यावर साय धरली होती. बाबांच्या यंत्रात जे सर्किट बसवलं होतं त्या कंपनीतर्फे चष्मेवाला आला होता. चष्मा कपाळावर चढवून तो सगळीकडे शोधणारा, स्वभावाने भला माणूस. त्याने हो म्हटलं. बाकीच्यांनीही म्हटलं. कर्नलमध्ये नवी कामं ठरावीक फेऱ्यांनी घेतात; आता हिने मान हलवली की मसुदा या फेरीत आत जाणार होता, आणि फेरीचं दार त्याच संध्याकाळी बंद होत होतं.

तिने उभ्याउभ्याच मसुद्यावर एकदा शेवटची नजर फिरवली आणि ती एका ओळीवर अडली. खण मोकळे ठेवा, असं मसुद्यात लिहिलं होतं. ते खरंच मोकळे आहेत का, हे मात्र कर्नल कुठेच बघत नव्हता. हलगर्जी प्रोग्रॅम त्यात हाताला येईल तो कचरा तसाच सोडणार, सगळं चालतंय म्हणून कुणाला पत्ता लागणार नाही, आणि काही वर्षांनी त्या खणात खरी वस्तू ठेवायला जावं तर जुने प्रोग्रॅम कोलमडणार. तिच्या आधी हे काम बघणारा माणूस इथेच फसला होता. त्याच्या रीतीतले मोकळे खण आजही कुणाच्या उपयोगाचे नव्हते.

"थांबा," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी हताश सुस्कारा सोडला. दुरुस्ती एका ओळीची होती, पण मग प्रत्येकाने आपापल्या चिपांवर पुन्हा चाचण्या घ्यायला हव्या होत्या, म्हणजे आता पुढची फेरी, थंडीत.

"आत्ता जाऊ द्या ना," चष्मेवाला काकुळतीला आला. "तपासणी पुढच्या फेरीत घालू."

"तोवर जे कचरा टाकून बसलेत ते मोडतील. मग ती कधीच घालता येणार नाही."

"पण टाकतंय कोण कचरा?"

"तुमचाच प्रोग्रॅम टाकतोय. आत्ताच बघितलं मी."

तिच्या डोळ्यांपुढे ते हिरवं वर्तमानपत्र आलं आणि तिने ते बळेच बाजूला सारलं. बैठक संपल्यावर चष्मेवाल्याने मुद्दाम पुन्हा फोन केला. तिच्या वडिलांचं त्याला माहीत होतं. "निदान घरी तरी आहे तेवढं बसवून टाका हो," तो म्हणाला. रविवारी नक्की, असं तिने कबूल केलं.

घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवताना दोन शब्दांमधल्या जागेत कोरा खिळा बसवत. तो नीट दाबला गेला नाही की वर यायचा आणि कागदावर काळा डाग उठायचा. म्हणून ते कोरी जागाही तपासायचे.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "चूक दिसल्यावर छापायला सोडायचं नसतं."

तिला बरं वाटलं आणि रडूही आलं. दोन्ही तिने भांडी घासण्यात दडवलं.

रविवारी सकाळीच तिने यंत्राचं झाकण उघडलं. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले, आंघोळ करून, भांग पाडून. मसुदा बसवता बसवता तिच्या लक्षात आलं की ठिपके पुसायच्या खणाचं माप एका जागी एक आहे आणि दुसऱ्या जागी वेगळंच. ते नीट केल्याशिवाय पुढे जाववेना. मग चष्मेवाल्याला कळवणं आलं, त्याचं उत्तर आलं, त्यातून आणखी एक शंका निघाली. ऊन कलेपर्यंत मसुदा खरोखरच सुधारला होता. यंत्र उघडंच पडलं होतं आणि बाबा खुर्चीत पेंगत होते. जाग आल्यावर त्यांनीच चाचपून झाकण लावलं. "राहू दे गं. पुढच्या रविवारी बघू," ते म्हणाले. पुढचे रविवारही असेच हातचे गेले.

थंडीत मसुदा आत गेला, एकही खोट न राहता. लोकांनी अभिनंदन केलं. चष्मेवाल्याने लिहिलं, 'थांबाबाई, आता चला.' ती हसली, पर्स उचलली आणि भर दुपारीच घरी आली.

या वेळी सगळं पहिल्या झटक्यात बसलं. पडद्यावर कागद पांढराशुभ्र, अक्षरं काळीभोर, एकेका अक्षराची कड चाकूने कापल्यासारखी. इतकं स्वच्छ चित्र तिने त्या यंत्रावर कधी पाहिलं नव्हतं. तिने आनंदाने बाबांना हाक मारली.

ते भिंतीला हात लावत आले. ते भिंतीला हात लावत चालतात हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

ते बसले. नाक पडद्याला टेकवलं, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. तिने अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, शेवटी एकच अक्षर पडदाभर झालं. चापट मारतील म्हणून ती वाट बघत राहिली. त्यांनी मारली नाही.

"हिरवं गेलं का?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"ठिपके?"

"तेही गेले."

"मग चांगलं झालंय काम."

"बाबा, मी त्या रविवारीच जर..."

"थांब," ते म्हणाले. कानावरची पेन्सिल त्यांनी हातात घेतली, टेबलावरचा कागद चाचपून आपल्यापुढे सरळ केला. "समोर येऊन बैस. पडदा तुझ्याकडे वळव. वाच. चिन्हांसकट."

तिने पडदा वळवला. डोळ्यांतल्या पाण्याने तिला पहिली ओळ दिसेना, म्हणून तिने ते आधी पुसून घेतलं.

"शहराच्या उत्तर भागात उद्या, स्वल्पविराम, जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे, स्वल्पविराम, पाणी येणार नाही, पूर्णविराम."

बाबांनी मान हलवली आणि पेन्सिल पुढच्या ओळीवर नेली. ती ओळ जिथे असायला हवी होती, तिथून बरीच खाली.